डाळ गावातच का होऊ नये?

मोठा कारखाना आल्याशिवाय गावात रोजगार वाढत नाही, असा सूर नेहमी ऐकू येतो. मला ते पटत नाही. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली, तरी त्यानंतरही विदर्भाचा बहुतेक कापूस गाठी होऊन बाहेरच गेला. प्रश्न आपला माल आपण किती पुढपर्यंत नेतो, हा आहे.

तुरीचंच घ्या. एका क्विंटल तुरीची सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ होते, वर चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, निघते ती ढोरांना. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने यासाठीच मिनी डाळ मिल बनवली. आमच्या गावातल्या बचत गटाने अशीच मिल घेतली. फेब्रुवारीत त्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. तेलपाणी लावलेली तूर ताडपत्रीवर वाळत असते आणि मापावर तीन जणींना रोजची मजुरी सुटते. गावातला पैसा दोन-चार हात गावातच फिरतो. देशाचं उत्पन्न वाढतं ते याच्याच बेरजेतून.

पण हे टिकवायला काय लागतं? मुद्रा कर्जाला 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही, तरी या बायांना बँकेने आधी सातबारा मागितला. सातबारा नवऱ्याच्या नावावर! चार चकरा झाल्या. मिल चालू झाल्यावर ऐन हंगामात लाईन जायची, मग रात्री जागून डाळ काढायची. अनुदानाच्या आधी दिवसा भरवशाची वीज आणि अर्ज नीट भरून देणारा एक माणूस तालुक्याला बसवा, एवढंच त्या मागताहेत.