ओह, वेल, अलास यांच्यापुढे स्वल्पविराम की उद्गारचिन्ह?

प्रश्न
इंग्रजीतलं इंटरजेक्शन म्हणजे केवलप्रयोगी अव्यय, भावना दाखवणारा सुटा शब्द, इथपर्यंत ठीक. पण त्याच्यापुढे कधी स्वल्पविराम असतो, कधी उद्गारचिन्ह. ठरवायचं कसं? आणि 'व्हॉट अ लव्हली फ्लॉवर!' हेही त्यातच धरायचं का?

प्रतिसाद १
भावना किती जोरात आहे त्यावर चिन्ह ठरतं. 'आउच! दॅट हर्ट.' इथे कळ आली आहे, म्हणून उद्गारचिन्ह, आणि पुढच्या 'दॅट'चा टी कॅपिटल. 'वेल, दॅट डिपेंड्स.' इथे बोलणारा नुसता क्षणभर थांबलाय. स्वल्पविराम द्या, टी स्मॉल. उद्गारचिन्हापुढे स्मॉल अक्षर काढणं ही नेहमीची चूक.

फुलाचं वाक्य उद्गारवाचक आहे, पण त्यात इंटरजेक्शन नाही. 'व्हॉट' तिथे 'फ्लॉवर'ला बांधलेला आहे. इंटरजेक्शन कोणालाच बांधलेलं नसतं. नुसतं 'व्हॉट!' म्हणजे 'काय!', ते मात्र इंटरजेक्शन. तसंच 'शी सिंग्ज वेल'मधला 'वेल' गाणं कसं ते सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. शब्द पाठ करून जात ओळखू नका, वाक्यात त्याचं नातं कुणाशी आहे ते बघा.

प्रतिसाद २
एक राहिलं: एका अक्षराचा 'ओ' आणि 'ओह' वेगळे. 'ओ' हाक मारताना, प्रार्थनेत किंवा कवितेत येतो. कायम कॅपिटल आणि लगेच पुढे स्वल्पविराम नाही. 'ओह' वाक्याच्या मधे आला तर स्मॉल.

प्रतिसाद ३
परीक्षेसाठी: वाक्य इनडायरेक्ट करताना, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना, इंटरजेक्शन गाळायचं आणि भावना शब्दांत सांगायची. ही सेड, 'अलास! आय हॅव लॉस्ट माय कीज.' याचं होतं: ही एक्सक्लेम्ड विथ सॉरो दॅट ही हॅड लॉस्ट हिज कीज. उद्गारचिन्ह जातं, शेवटी पूर्णविराम. 'हुर्रा' असेल तर 'विथ जॉय'.

बोलताना मात्र 'अलास' नको, नाटकी वाटतं. 'ओह नो' म्हणा. 'ऊप्स' हातून घडलेल्या बारीकशा चुकीला. कुणाच्या दुःखात 'ऊप्स' म्हणालात तर थट्टा वाटेल.

प्रतिसाद ४
मराठी माणूस हमखास फसतो तो 'अंहं'ला. आपला 'अंहं' म्हणजे नाही. इंग्रजीत जवळपास तसाच ऐकू येणारा, मधे ह असलेला 'अह-हं' म्हणजे हो! त्यांच्या नकारात मधे ह नसतो, घसा क्षणभर बंद होतो: 'अ-अ'. फोनवर तर सरळ येस किंवा नो म्हणा.