नुसत्या मानधनाने भागत नाही

'मानधन वाढवा, आशाताई आपोआप मन लावून काम करतील' असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. माझी मोठी वहिनी 'आशा' आहे, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका. दवाखान्यात बाळंतपण झालं की नंतर 42 दिवसांत सहा गृहभेटी. तिसऱ्या दिवसापासून सुरुवात. सगळ्या झाल्या तर 250 रुपये. हिशेब तुम्हीच करा! तेही अडकले की ती चिडते, पण भेट चुकवत नाही. का, तर म्हणे, "पोर तापलं की लोक आधी मला हाक मारतात." पूर्वी हीच माणसं तिला नुसती 'अमक्याची सून' म्हणून ओळखायची.

घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली. हातात कसब आलं की कामात जीव येतो. आता मात्र वजनकाट्यापेक्षा रजिस्टरातच जास्त वेळ जातो.

2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, तेव्हा वहिनीने कौतुकाने स्टेटस ठेवलं होतं. पुढच्याच मीटिंगला अर्धवट फॉर्मवरून सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. घरी येऊन जेवली नाही त्या दिवशी.