उंच मुलीला बूस्टर सीट कधी द्यावी?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलगी साडेचार वर्षांची असून तिची उंची ११२ सेंटिमीटर आहे. गाडीतल्या पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये खांदे, पट्टे जिथून बाहेर येतात त्यांपैकी सर्वांत वरच्या खाचेला टेकू लागले आहेत. आता बूस्टर (गाडीचाच पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी सीट) घ्यावे का?

उत्तर १: खांदे त्या खाचेच्या वर गेले किंवा कान सीटच्या वरच्या कडेला पोहोचले, की ती सीट लहान झाली असे समजावे. मात्र बूस्टरआधी अधिक उंचीची पट्ट्यांची सीट पाहावी. काही सीट मुलाच्या २९ किलो वजनापर्यंत चालतात.

उत्तर २: सहमत. बूस्टरमध्ये झोप लागली की मूल कलंडते, खांद्यावरचा पट्टा दंडावर घसरतो आणि मग तो असून नसल्यासारखाच. सगळा प्रवास नीट बसून राहणे या वयाला क्वचितच जमते.

उत्तर ३: बूस्टर घेतलेच, तर कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, मांड्यांवर टेकतो ना, हे पाहावे.