मदत हवी आहे : विटलेल्या रंगीत फोटोचे लेव्हल्स (गडद-उजळपणाच्या पातळ्या) कसे लावावेत?
आईवडिलांच्या लग्नातला 1979 सालचा रंगीत फोटो मी स्कॅन केला असून, कागदावरचे रंग विटल्यामुळे सगळे चित्र तांबूस झाले आहे. गिंप या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरव्या व निळ्या चॅनेलचे (रंगघटकाचे) काळे-पांढरे स्लायडर हिस्टोग्रामच्या (कोणत्या छटेचे किती बिंदू आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) कडांना आणून भिडवले, तेव्हा तांबूसपणा बराच गेला. मात्र आईच्या शालूची जर पांढरीफटक पडली आणि 0 (काळा) ते 255 (पांढरा) च्या त्याच आलेखात कंगव्यासारख्या फटी दिसू लागल्या. स्कॅन 8 बिटचे, म्हणजे दर चॅनेलला 256 च छटांचे, असल्यामुळे असे झाले असावे. तेव्हा जास्त छटांच्या 16 बिटमध्ये पुन्हा स्कॅन करावे, की आहे त्यातच कर्व्हज (वक्ररेषा ओढून उजळपणा बदलण्याचे साधन) वापरून कॉन्ट्रास्ट बेताने वाढवावा? वडिलांचा फेटा गुलाबी होता की लाल, यावर घरातच एकमत नाही. त्यामुळे करडा बिंदू (जो रंगछटा नसलेला मानून बाकीचे रंग जुळवतात तो) कशावर धरावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.