गटाने बाइकवर जाताना शेवटची गाडी कोण बघतं? अनुभव लिहा

आज सकाळी दूध आणायला पौड रोडला उतरलो, तर पंचवीस-तीस बाइकवाले ताम्हिणीकडे निघालेले. बघत उभा राहिलो. सगळे पुढे गेल्यावर बऱ्याच वेळाने एक पोरगा एकटाच, जुन्या स्प्लेंडरवर, गाडी पिळत त्यांना गाठायला निघालेला. सिग्नल लाल झाला तरी घुसला. पोटात एकदम कालवलं.

२०११ चा जुलै. आम्ही चौदा गाड्या, दिवेआगरला चाललेलो. पुढे मी. मुळशीपर्यंत आरशात सगळे दिसत होते, घाट लागला आणि धुकं आलं. निजामपूरला चहाला थांबलो, टपरीवाल्याने 'किती कप?' विचारलं म्हणून मोजलं. तेरा. परत मोजलं. तेरा. चहाचं विचारलं नसतं तर तसेच माणगावला गेलो असतो.

घाटात रेंज नाही. मी आणि आणखी एक मित्र उलटे निघालो. एका वळणावर शेवाळलेल्या कडेला गाडी आडवी, आणि हा गटाराच्या कठड्याला टेकून बसलेला. शेजारी गुरं राखणारे एक बाबा. स्वतःची घोंगडी त्याच्या अंगावर घातलेली आणि दोन्ही हातांनी तिची खोळ त्याच्या हेल्मेटवर धरलेली, काचेतून पाणी आत जाऊ नये म्हणून. बाबा स्वतः नखशिखांत भिजलेले. मला म्हणाले, "लई येळ झाला, तुमचं कुणी येईना."

गळ्याचं हाड मोडलं होतं, बाकी वाचला. तेव्हा १०८ नव्हती आपल्याकडे, ती २०१४ ला आली. वडापच्या जीपने माणगावला नेला. पण "तुमचं कुणी येईना" हे अजून कानात आहे. पुढे मी होतो, त्यामुळे ती चूक माझी. तुमच्याकडे असे अनुभव असतील तर लिहा. नवीन पोरं वाचतील.

बुलेटवाली_कोथरूड: वाचून काटा आला. आमच्याकडे आता नियम आहे, आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली की आपण हळू व्हायचं, तरी दिसली नाही तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. मग आपल्या पुढचा थांबतो, त्याच्या पुढचा थांबतो, असं करत पुढच्यापर्यंत आपोआप निरोप जातो. फोनची गरजच पडत नाही.

भाऊ_सांगलीकर: उसाची ट्रॉली. एवढंच लिहितो आधी, कुकर लावलाय.

पावसाळी: दिवेआगरला कुठे राहिलात? घरगुती सोय हवी आहे, आईबाबा बरोबर आहेत.

मीना_सिस्टर: ग्रामीण रुग्णालयात अकरा वर्षं आहे, म्हणून कळकळीने लिहिते. पडलेल्या माणसाचं हेल्मेट ओढून काढू नका. मित्र येतात, घाबरलेले असतात, आधी हेल्मेट उपसतात आणि मग पाणी पाजतात. दोन्ही चूक. मानेला मार असेल तर ओढताना कायमचं नुकसान होतं. नुसती काच वर करा, श्वास चालू आहे का बघा, बोलत राहा. श्वासच अडत असेल किंवा उलटी होत असेल तरच काढायचं, तेही दोघांनी, एकाने मान आणि हनुवटी घट्ट धरून. त्या बाबांनी शिकलेल्या माणसासारखं केलं. आणि मदत करायला पोलिसांची भीती बाळगू नका, २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे, मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

कोकणकडा: सिस्टर, हे प्रिंट काढून गाडीच्या डिकीत ठेवतो. खरंच धन्यवाद.

भाऊ_सांगलीकर: हां. जानेवारीतली गोष्ट. आम्ही नऊ जण, संध्याकाळी इस्लामपूरकडून. पुढच्याने ट्रॉलीला ओव्हरटेक केलं. त्याला मोकळा रस्ता दिसला होता. त्याच्या मागे दुसरा गेला, तिसरा गेला, चौथा मी. मला काही दिसलंच नव्हतं! 'पुढचा गेला म्हणजे रस्ता मोकळा' एवढंच डोक्यात. समोरून एसटी. ट्रॉलीच्या बाहेर आलेले ऊस माझ्या डाव्या बाहीला घासत होते, पाचटाचा वास नाकात, आणि उजवीकडून एसटी गेली. जॅकेटची बाही फाटली, ती अजून ठेवलीय. तेव्हापासून प्रत्येकाने आपापलं बघून ओव्हरटेक करायचं. पुढचा हात हलवून 'ये' म्हणाला तरी त्याच्या डोळ्यांनी जायचं नाही. आणि आपण पुढे गेलो की तिथेच हळू व्हायचं नाही, मागच्याला परत रांगेत शिरायला जागा ठेवायची.

गृहिणी_ऑन_व्हील्स: बापरे भाऊ. एसटीवाल्याचे उपकार.

भाऊ_सांगलीकर: हो ताई, त्याने पार कडेला दाबली गाडी.

सदूअण्णा: मी एकसष्टचा. पोरांबरोबर जातो अजून. वारीत दिंडी चालते तसं चालवा म्हणतो मी त्यांना. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली, पताका पुढे, मग टाळकरी, वीणेकरी. कुणी मध्ये घुसत नाही. आणि मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंच केला की हजारो माणसं गप्प होतात, मग कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारलं जातं. आमच्या राइडमध्ये प्रत्येक थांब्यावर मी हात वर करतो. इंजिनं बंद, डोकी मोजायची, मगच चहा. अंतराचंही सांगतो. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की 'रामकृष्णहरी' दोनदा म्हणायचं, सावकाश. तुम्ही त्याआधी खांबापाशी पोचलात तर फार चिकटलात. पावसात चारदा.

बुलेटवाली_कोथरूड: अण्णा 🙏 हे आमच्या ग्रुपवर टाकू का?

सदूअण्णा: टाका की.

तांबडीमाती: स्टॅगर्ड, म्हणजे एक डावीकडे एक उजवीकडे, असं सगळे सांगतात, पण घाटात ते सोडायचं असतं हे कुणी सांगत नाही. वळणावर प्रत्येकाला आपली पूर्ण लेन लागते. एकामागे एक व्हा. आणि पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक नको, ओले असले की साबणासारखे. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक, असला तरी.

स्नेहल_१२५: माझा अनुभव पडण्याचा नाही, पण लिहिते. पहिल्यांदा गेले तेव्हा माझी १२५ सीसी स्कूटर, बाकी सगळ्या मोठ्या गाड्या. 'तू मागे राहा, आमच्या स्पीडला जमणार नाही.' मागे राहिले. तुम्ही लिहिलंय त्या स्प्लेंडरवाल्यासारखीच पिळत होते, घाबरत, वळणावळणाला वाटायचं आता सुटले. रडू येत होतं हेल्मेटमध्ये. दुसऱ्या एका गटात ताईंनी मला थेट पुढच्या गाडीच्या मागे, दुसऱ्या नंबरवर ठेवलं. "तुझा वेग तोच आमचा वेग," म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला आंबा घाट दिसला. खरंच दिसला, झाडं, दरी सगळं.

गृहिणी_ऑन_व्हील्स: स्नेहल ❤️

कोकणकडा: हेच, हेच. नवीन आणि लहान गाडी पुढच्याच्या मागे, आणि सगळ्यात मागे तुमच्यातला सगळ्यात कसलेला माणूस. पंक्चर किट, पंप आणि प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे. आम्ही उलटं करायचो, किट पुढच्याकडे. पंक्चर मागे झालं, किट चिपळूणला पोचलेलं.

मुळशीकर_काका: मी बाइकवाला नाही. आमचं घर रस्त्याला लागून आहे. शनिवार-रविवार पहाटेपासून तुमच्या गाड्या जातात. जायला हरकत नाही, रस्ता सगळ्यांचा. पण फटाके वाजवणारे सायलेन्सर कशासाठी? गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्यांची म्हैस दावं तोडून थेट रस्त्यावर आली. नशीब, मागे मोटार नव्हती. नातीला तान्ही असल्यापासून दचकायची सवय लागली आहे. गावातून जाताना गिअर वर टाकून हळू जा, एवढंच मागणं.

ताम्हिणी २०११ (धागाकर्ता): काका, मनापासून माफी मागतो, आमच्यापैकी सगळ्यांच्या वतीने. कंपनीचा सायलेन्सर नसेल त्याला आमच्याबरोबर घेतच नाही आता. कायद्यानेही ते चालत नाहीत.

म्युनिककर: काका, इकडेही हेच. शेजारच्या ऑस्ट्रियात टिरोलच्या काही घाटरस्त्यांवर २०२० पासून उन्हाळ्यात ९५ डेसिबलच्या वर नोंद असलेल्या मोटरसायकलींना बंदीच आहे, गावकऱ्यांनी लावून धरलं म्हणून. आणि प्रथमोपचाराची पेटी तिथे मोटरसायकलवरही सक्तीची. पहिल्यांदा गेलो तेव्हा सीटखाली मावेना म्हणून कुरकुरलो होतो. पुढे ब्रेनरजवळ एका अनोळखी बाईच्या गुडघ्याला तीच पट्टी बांधली.

पावसाळी: दिवेआगरचं कुणी सांगा ना प्लीज

तांबडीमाती: व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आजींकडे उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात.

पिलियन_पल्लवी: मागे बसणाऱ्यांचं कुणीच बोलत नाही म्हणून. वळणावर उलट्या बाजूला झुकू नका, चालवणाऱ्याच्या खांद्यावरून वळणाच्या दिशेला बघा, अंग आपोआप नीट जातं. ओढणी आत खोचा. आणि हेल्मेट आपल्यालाही सक्तीचं आहे, 'मागेच तर बसायचंय' नको. माझ्या जावेच्या हेल्मेटवर टाचेएवढा खड्डा आहे. डोकं शाबूत.

मीना_सिस्टर: पल्लवी, १००% बरोबर. ड्यूटीला निघते.

स्नेहल_१२५: दादा, ते बाबा परत भेटले का?

ताम्हिणी २०११ (धागाकर्ता): भेटले. घोंगडी मित्राबरोबर दवाखान्यात गेली होती, ती द्यायची राहिली. दिवाळीनंतर त्याचा हात गळ्यातून सुटला, तेव्हा दोघे गेलो. दोन दिवस उन्हात वाळवूनही तिला पावसाचाच वास होता. त्या वळणाजवळच्या वाडीत विचारत विचारत घर सापडलं. बाबांनी आधी त्याचा खांदा चाचपून बघितला, मग घोंगडी घेतली. तांदळाच्या भाकऱ्या खाऊ घातल्या. मित्र अजून गाडी चालवतो. आमच्यात सगळ्यात शेवटी तोच असतो, दुसऱ्या कुणाला राहू देत नाही.

बुलेटवाली_कोथरूड: रविवारी आम्ही अकरा गाड्या, पावणेसहा, चांदणी चौक. त्यांना विचाराल का, आमच्या मागे राहतील का?

ताम्हिणी २०११ (धागाकर्ता): विचारलं. येतोय. पेट्रोल आदल्या रात्रीच भरून ठेवा म्हणतोय सगळ्यांना.