वर्धा-हिंगणघाट भागात स्पॅगेटीचा चांगला सॉस कुठे मिळेल?

धुऱ्यावरचा_बाप
नमस्कार. आमचे गाव हिंगणघाट तालुक्यात आहे. मुलगी यंदा दहावी पास झाली. बक्षीस म्हणून ती मोबाइल मागेल या तयारीने मी बसलो होतो, पण तिने हॉटेलात बसून स्पॅगेटी खाण्याची इच्छा सांगितली. गेल्या महिन्यात जवळच्या एका नव्या कॅफेत आम्ही गेलो होतो. तिथला सॉस समोशासोबत मिळणाऱ्या केचपइतका गोड होता आणि ताटलीच्या कडेने त्याचे पाणी सुटले होते. मुलीने काही न बोलता सगळे संपवले, हे मला अधिक लागले.

आम्ही चौघे जाऊ. आई माळकरी आहे, तिला कांदा-लसूण चालतो, मांस आणि अंडे मात्र अजिबात नाही. जेवणाचे बजेट चौघांचे मिळून १,००० रुपये आहे. एसटीची चिंता नाही, कारण आईला पंचाहत्तरीपुढचा मोफत प्रवास आहे आणि मायलेकींना अर्धे तिकीट लागते. संध्याकाळी सातच्या आत परतीची गाडी मिळायला हवी. टोमॅटोची खरी चव असलेला सॉस कोणी खाल्ला असल्यास कृपया सांगावे.

नागपुरी_खवय्या
भाऊ, मुलीचे अभिनंदन. विचार न करता नागपूर गाठावे. सदरमध्ये एक जागा आहे, तिथे सासरेबुवांच्या साठीला आम्ही स्पॅगेटी बोलोनीज मागवली होती आणि तसा सॉस मी मुंबईतही खाल्लेला नाही. दोघांचे बिल २,९०० रुपये झाले, पण मुलगी दहावी एकदाच होते. नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बुटीबोरीची_पाळी
वरील प्रतिसादात एक दुरुस्ती करणे भाग आहे. कंपनीने मला यंत्राच्या प्रशिक्षणासाठी दोन महिने इटलीतील बोलोन्या शहरात पाठवले होते, म्हणून अनुभवाने लिहितो. तिथे कोणीही हा बोलोनीज सॉस स्पॅगेटीवर घालत नाही. त्याला ते रागू म्हणतात आणि तो ताल्यातेले नावाच्या रुंद, चपट्या पट्ट्यांसोबत खातात, कारण दाट रस्सा गोल गुळगुळीत शेवईवर टिकत नाही, घसरून ताटलीत बसतो. १७ ऑक्टोबर १९८२ रोजी तेथील खाद्य अकादमीने या रागूची कृती शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवली आहे. त्यामुळे मागवायचे असल्यास ताल्यातेलेच मागवावे.

तुरीचे_आळण
दादा, धागा नीट वाचावा ही विनंती. रागूमध्ये गोमांस असते आणि ताल्यातेलेच्या पिठात अंडे असते. माळकरी आजींसमोर यातले काय ठेवायचे?

धागाकर्त्यांनी उलट स्पॅगेटीच मागवावी, कारण वाळवलेली स्पॅगेटी केवळ ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी यांची असते. इटलीत तर सुक्या पास्त्याला ड्युरमच वापरावा असा १९६७ पासून कायदा आहे. हा ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू. आजींना 'बन्सीच्या शेवया' असे सांगितले तर त्यांची निम्मी शंका तिथेच मिटेल. मात्र दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पुत्तानेस्का नावाच्या सॉसमध्ये बहुधा अँचोव्ही हे मासे असतात, जरी तो दिसायला साधा टोमॅटोचाच दिसतो. दुसरे चीज: अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात, त्यामुळे ते शाकाहारी नाही. वरून किसून घालण्याआधी पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहावा किंवा चीज नकोच म्हणून सांगावे.

नागपुरी_खवय्या
सदरच्या जागेत शाकाहारी पदार्थही उत्तम मिळतात, एवढे नोंदवतो.

वणीकर
माझा अनुभव कडू आहे. मी जिथे जिथे 'रेड सॉस' मागवला तिथे तिथे मला 'पिंक सॉस चांगला लागतो साहेब' असे सांगून गुलाबी लापशी देण्यात आली. मैदा, दूध आणि केचप एकत्र केले की सॉस होतो, हा समज आपल्या भागात कोणी पसरवला कोण जाणे. पिंक सॉस चुकूनही मागवू नये.

बुटीबोरीची_पाळी
पिंक सॉसविषयी पूर्ण सहमत. ताल्यातेले बिनअंड्याचेही मिळतात, हे जाता जाता सांगतो.

मळ्यातला_माणूस
मी स्वतः टोमॅटो लावतो, म्हणून चार ओळी अधिक लिहितो. हॉटेलातला सॉस फिका किंवा गोड का लागतो, याचे मूळ टोमॅटोत आहे. बाजारात येणारा संकरित टोमॅटो दूरच्या प्रवासासाठी निवडलेला असतो. त्याची साल जाड, गर घट्ट आणि आंबटपणा बेताचा. तो पिकण्याआधी तोडला जातो. मग चव भरून काढण्यासाठी स्वयंपाकी त्यात केचप ओततो, आणि केचपमध्ये साखर व व्हिनेगर आधीच असतात. गावरान टोमॅटो पातळ सालीचा, आंबट, रसाळ असतो, पण क्रेटमध्ये दोन दिवस टिकत नाही म्हणून व्यापारी त्याला हात लावत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये शहरांत किलोला दीडशे-दोनशे रुपये झाले तेव्हा माझ्या वावरात एक झाड नव्हते, आणि ज्या वर्षी झाडे वाकली त्या वर्षी तोडणीची मजुरीही निघाली नाही. असो.

इटालियन लोक ज्या सान मार्झानो टोमॅटोचा डंका पिटतात, तो व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या परिसरातल्या मातीत होतो आणि १९९६ पासून त्याला युरोपीय संरक्षित नाव आहे. आपली काळी मातीही बेसाल्टची, म्हणजे ज्वालामुखीच्याच खडकाची आहे. फक्त आपण तिच्यात कपाशी लावून बसलो आहोत.

सॉस घरी करायचा असल्यास एक किलो गावरान टोमॅटोला उकळत्या पाण्याची एक उकळी देऊन साल ओढून काढावी. बिया फेकू नयेत, कारण बियांभोवतीच्या बुळबुळीत रसातच जास्त चव असते. जाड बुडाच्या कढईत तेलावर लसणाच्या चार पाकळ्या ठेचून, करपू न देता परताव्यात, टोमॅटो हाताने कुस्करून टाकावेत आणि झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटे रटरटू द्यावे. कढईत उलथणे फिरवल्यावर मागे रेघ राहिली आणि तेल कडेला नारिंगी दिसू लागले की सॉस झाला. शेवटी शेवया उकडलेले वाटीभर पाणी घालावे. त्यातल्या पिठाने तेल आणि रस एकजीव होतात. धागाकर्त्यांच्या ताटलीत सुटलेले पाणी हे न आटवलेल्या सॉसचेच लक्षण होते.

मोठी_आई
यात बेसिल लागते आणि ते गावात मिळत नाही. मी तुळस घातली होती, तेव्हा सॉसला काढ्याचा वास आला आणि यजमानांनी सर्दी कोणाला झाली म्हणून विचारले.

तुरीचे_आळण
ताई, तुळस आणि बेसिल या एकाच कुळातल्या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचेच बी. चिमूटभर सब्जा कुंडीत टाकल्यास काही दिवसांत रोप उगवते. त्याचा वास इटालियन वाणाइतका गोडसर नसतो, तरी तुळशीपेक्षा पुष्कळ जवळचा असतो. ओरेगॅनोऐवजी मरवा वापरावा, तो ओरेगॅनोचा सख्खा भाऊ आहे.

वणीकर
फालुद्याचा सब्जा भाजीत घालणारे लोक पाहून वाईट वाटते.

मळ्यातला_माणूस
सब्जा भाजीत घालत नाहीत हो, पेरतात.

सेवाग्राम_रोड
सगळेच घरी करायला सांगत आहेत, पण मुलीला हॉटेलात बसायचे आहे. सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांमुळे वर्ध्यात त्यांच्या खिशाला परवडणारी लहान खाद्यगृहे आहेत. मी एक युक्ती वापरतो. आत शिरल्यावर 'पोमोदोरो मिळेल का' असे विचारावे. ही टोमॅटो, तेल, लसूण, बेसिल एवढ्यावरची सर्वांत साधी चटणी असल्याने तिच्यात काही लपवता येत नाही. 'सकाळी केलेला आहे' असे उत्तर आले तर बसावे, 'रेड की व्हाइट' असा उलट प्रश्न आला तर चहा पिऊन निघावे. तिखट हवे असल्यास आराबियाता मागवावा. लाल मिरचीचाच तो सॉस आहे आणि एका ठिकाणी तो चक्क भिवापुरी मिरचीत करतात. माणशी दोनशेच्या आत काम होते. नाव व्यनि केले आहे.

नागपुरी_खवय्या
वर्ध्यापेक्षा सदर केव्हाही बरे. आमच्या सौभाग्यवतींचेही हेच मत आहे.

धुऱ्यावरचा_बाप
सर्वांचे आभार. काल जाऊन आलो, म्हणून वृत्तांत देणे कर्तव्य समजतो.

वर्ध्याला सेवाग्राम_रोड यांनी सुचवलेल्या जागी गेलो आणि ठरल्याप्रमाणे पोमोदोरो विचारला. वाढणाऱ्या मुलाने 'सकाळी केला आहे' असे सांगितले, त्यामुळे बसलो. मी पोमोदोरो मागवणार इतक्यात मुलीने शेजारच्या टेबलावरची ताटली पाहिली आणि पिंक सॉस मागितला. इथले सगळे सल्ले मी तिला हळू आवाजात सांगून पाहिले. ती म्हणाली, "बाबा, बक्षीस माझे आहे ना?" अंडे आणि बाहेरचे चीज नाही याची खात्री करून एक पिंक, एक पोमोदोरो आणि दोन गार्लिक ब्रेड मागवले. बिल ६४० रुपये झाले.

पोमोदोरो खरोखर चांगला होता, ताटलीत पाण्याचा थेंब सुटला नव्हता. मुलीने मात्र काट्यावर शेवया गुंडाळण्याचा प्रयत्न चार वेळा करून शेवटी चमचा घेतला आणि पिंक सॉस चाटून पुसून संपवला. आईने 'बन्सीच्या शेवया' दोन घास खाल्ल्या, मग पिशवीतून घरची पोळी काढली आणि पोमोदोरोचा उरलेला सॉस तिच्याशी लावून खाल्ला. "लसणाची फोडणी कमी पडली, पण टमाटर चांगला आहे," असे तिचे मत पडले. सव्वासहाची गाडी मिळाली.

वणीकर
मुलीचे अभिनंदन. पिंक सॉसविषयीचे माझे मत कायम आहे.

बुटीबोरीची_पाळी
चमच्याने स्पॅगेटी?