विलिस मॅक्कॉल २८ वर्षे शेरीफपदावर कसे टिकले?

प्रश्न: अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील लेक काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, विलिस मॅक्कॉल १९४४ मध्ये प्रथम निवडून आले आणि लागोपाठ सात निवडणुका जिंकून १९७२ पर्यंत पदावर राहिले. १९५१ मध्ये एकाच बेडीत अडकवलेल्या दोन कैद्यांवर त्यांनी गोळ्या झाडल्या, तरीही त्यांचे पद कसे गेले नाही? त्यांना जाब विचारणारा वरिष्ठ कोणीच नव्हता का?

प्रतिसाद १: रोजच्या कारभारात जवळजवळ कोणीच नव्हता. तेथील शेरीफ मतदारांनी थेट निवडलेला असल्याने त्याची बदली होत नाही. निलंबनाचा अधिकार राज्यपालांना असतो, पण तो वापरण्याची राजकीय किंमत मोजायला कोणी तयार नव्हते. शिवाय काउंटीचे अर्थकारण संत्र्यांच्या बागांवर चालत असे आणि कृष्णवर्णीय मजुरांना धाकात ठेवणारा शेरीफ बागायतदारांच्या सोयीचाच होता.

प्रतिसाद २: त्या गोळीबाराची पार्श्वभूमी सांगायलाच हवी. ग्रोव्हलँड खटल्यातील (गोऱ्या स्त्रीवर बलात्कार केल्याच्या आरोपाचा खटला) सॅम्युअल शेफर्ड आणि वॉल्टर आयर्विन या कृष्णवर्णीय तरुणांची फाशीची शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्यानंतर, फेरखटल्यासाठी मॅक्कॉल त्यांना रेफर्डच्या तुरुंगातून स्वतःच्या गाडीने आणत होते. टायरचे निमित्त सांगून ६ नोव्हेंबरच्या रात्री त्यांनी गाडी आडरस्त्यावर थांबवली. शेफर्ड जागीच ठार झाला. आयर्विन मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिला, म्हणूनच वाचला. कैद्यांनी हल्ला केला, असे शेरीफ सांगत होते, तर आपल्यावर विनाकारण गोळ्या झाडल्या आणि नंतर आलेल्या डेप्युटीनेही (शेरीफच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने) एक झाडली, असे आयर्विनने रुग्णालयातील खाटेवरून सांगितले. कोरोनरच्या (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चौकशीत मात्र शेरीफचेच म्हणणे ग्राह्य धरले गेले. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे, कारण निवाडा करणारे लोकही त्याच काउंटीतले होते.

प्रतिसाद ३: सगळेच गप्प होते, असे मात्र नाही. माउंट डोरा येथील संपादिका मेबल नॉरिस रीस आधी शेरीफच्या बाजूने होत्या, पण या गोळीबारानंतर त्यांनी उघड टीका सुरू केली आणि त्यापायी त्यांच्या घरासमोर क्रूस जाळण्यात आला (ही वर्णद्वेषी कू क्लक्स क्लान संघटनेची धमकावण्याची पद्धत). राज्यपाल रूबिन ॲस्क्यू यांनी १९७२ मध्ये मॅक्कॉलना निलंबित केले, ते एका कृष्णवर्णीय कैद्याला लाथा मारून ठार केल्याचा आरोप निश्चित झाल्यावर. त्या खटल्यातून ते निर्दोष सुटले. त्याच वर्षीची निवडणूक मात्र थोडक्या मतांनी हरले.